बिनचष्म्याचा थ्रीडी पडदा: चष्म्याचं काम पडदा कसं करतो?

प्रकाशवाट (धागाकर्ता)

सॅमसंगचा २७ इंची ओडिसी थ्रीडी मॉनिटर २०२५ मध्ये आला तेव्हापासून इथल्या दोन-तीन धाग्यांवर एकच प्रश्न फिरतोय. चष्मा नाही, हेडसेट नाही, मग खोली दिसते कशी? उत्तरं तुकड्यातुकड्यांनी आली आणि त्यात होलोग्राम, लेझर असं बरंच काही मिसळलं. विषय माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी डोळ्यांचं बघू. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये हे चित्रं काढून सिद्ध केलं. दोन सपाट रेखाटनं आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला वेगवेगळी दाखवली की त्यातून घन आकार उभा राहतो. म्हणजे थ्रीडी दाखवायचं तर डाव्या डोळ्याला डावं चित्र आणि उजव्याला उजवं पोचलं पाहिजे. थिएटरमधला चष्मा हीच वाटणी करतो. दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर येतात आणि चष्म्याची प्रत्येक काच त्यातलं एक अडवते.

चष्मा काढला की ही वाटणी पडद्यालाच करावी लागते. साध्या टीव्हीचा पिक्सेल सगळ्या दिशांना सारखाच दिसतो. बिनचष्म्याच्या पडद्यात मात्र काही पिक्सेल फक्त एका बाजूने दिसायला हवेत आणि काही फक्त दुसऱ्या. गेली सव्वाशे वर्षं सगळी खटपट एवढ्यासाठीच चालली आहे.

सगळ्यात साधी युक्ती म्हणजे पॅरलॅक्स बॅरियर. बंद दाराला एक बारीक उभी फट आहे आणि दोन भावंडं शेजारी उभी राहून तिच्यातून आत बघतायत असं समजा. एकाला कपाट दिसेल, दुसऱ्याला पलंग. फट एकच, पण बघण्याची जागा वेगळी. पडद्यासमोर अशा शेकडो उभ्या फटी असलेला थर किंचित अंतर सोडून लावतात. मागे पिक्सेलच्या उभ्या रांगा आलटून पालटून डाव्या-उजव्या चित्राच्या असतात. ठरलेल्या अंतरावर बसलं की फटींतून डाव्या डोळ्याला फक्त डाव्या रांगा दिसतात आणि उजव्याला फक्त उजव्या.

ही कल्पना फ्रान्सच्या ऑग्युस्त बर्तिएने १८९६ मध्ये मांडली. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्जने तसं छायाचित्र प्रत्यक्ष बनवलं आणि १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता! १९४१ मध्ये मॉस्कोत सेम्यॉन इवानोव्हच्या पद्धतीचं बिनचष्म्याचं थ्रीडी चित्रपटगृह सुरू झालं. तिथे पडद्यापुढे हजारो बारीक तारांची जाळी ताणलेली होती. प्रेक्षकाने डोकं हलवलं की चित्र बिघडायचं. ती अडचण आजही पुरती गेलेली नाही.

बॅरियरचे दोन तोटे. दोन डोळ्यांत पिक्सेल वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला आडवे निम्मेच येतात. आणि थराचा निम्म्याहून जास्त भाग काळा असल्याने उजेडही तेवढाच मरतो. निन्टेन्डो थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र (जपानमध्ये फेब्रुवारी २०११) याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. वरचा पडदा ८०० × २४० चा, थ्रीडीत प्रत्येक डोळ्याला ४०० × २४०. बॅरियर म्हणजे एलसीडीचाच आणखी एक थर होता, त्यामुळे फटी वीज देऊन उमटवता आणि पुसताही यायच्या. शार्पने हे तंत्र २००२ मध्येच जपानमधल्या एका मोबाइलमध्ये आणलं होतं.

दुसरी युक्ती भिंगांची. फटींऐवजी पडद्यावर अर्धगोल उभ्या पन्हळींचा पारदर्शक पत्रा बसवायचा. प्रत्येक पन्हळ हे एक लांबट भिंग असतं आणि पिक्सेल त्याच्या नाभीच्या प्रतलात असतात. भिंगाखाली पिक्सेल मध्यापासून जितका बाजूला, तितका त्याचा झोत विरुद्ध बाजूला वळतो. यात उजेड अडत नाही, नुसता वळतो. याला लेंटिक्युलर म्हणतात आणि आजचे बहुतेक मॉनिटर याच जातीचे आहेत.

---

रानजाई

छान सुरुवात. एक विचारते. देवस्थानाबाहेरच्या दुकानांत ते खरखरीत प्लास्टिकचे फोटो मिळतात ना, इकडून बघितलं की गणपती आणि तिकडून बघितलं की लक्ष्मी, ते हेच का? आमच्या शाळेच्या दिवसांत तशा फूटपट्ट्याही मिळायच्या.

---

प्रकाशवाट

हो रानजाईताई, अगदी हेच. तसा फोटो घरात असेल तर नखाने खरवडून बघा, रेघा आडव्या आहेत की उभ्या. गणपतीची लक्ष्मी होणाऱ्या चित्रात बहुधा रेघा आडव्या असतात. दोन्ही डोळे एकाच उंचीवर असल्याने दोघांनाही एकच चित्र दिसतं आणि फोटो वर-खाली कलवला की ते बदलतं. पण ज्या फोटोत देव पुढे आलेला आणि प्रभावळ मागे गेलेली दिसते, त्याच्या रेघा उभ्या असतात, कारण तिथे दोन डोळ्यांना वेगळी चित्रं द्यायची असतात. तो फोटो ९० अंशांत फिरवा, खोली लगेच नाहीशी होईल. थ्रीडीएस आडवं धरूनच चालतं, उभं धरून नाही, त्याचं कारणही हेच.

---

घाटावरचा

धागा आवडला. पण गोंधळ वाढवणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथेच सोडवून टाकूया. टोकियोत ती इमारतीवरची अजस्र मांजर आहे, तिचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत एकाच वेळी अनेक गावांत 'होलोग्राम' सभा झाल्या होत्या. आणि आता दागिन्यांच्या दुकानांत तो फिरणारा पंखा असतो, ज्यावर हवेत अंगठी तरंगते. यातलं बिनचष्म्याचं थ्रीडी कोणतं?

---

सातासमुद्रापार

मांजरीचं मी सांगते, टोकियोत राहते. शिंजुकू स्टेशनच्या पूर्व दाराबाहेर २०२१ च्या जुलैपासून आहे ती. इमारतीच्या कोपऱ्यावर वळवलेला एलईडी पडदा आहे आणि चित्र एका विशिष्ट जागेवरून बघणाऱ्यासाठी मुद्दाम वाकडं करून काढलंय. स्टेशनसमोरच्या चौकातून मांजर खरंच छज्जावर बसलेली वाटते, पण रस्त्याच्या पार कडेला गेलात की तीच लांबुळकी, ताणलेली दिसते. तुमच्या दोन्ही डोळ्यांना दिसणारं चित्र एकच असतं. इतक्या लांबून दोन डोळ्यांमधला फरक तसाही नगण्य, म्हणून फसवणूक जमते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही ती तितकीच खरी दिसते, यावरूनच ओळखा.

---

प्रकाशवाट

उत्तम सांगितलंत, कॅमेऱ्याची खूण तर फारच उपयोगी. ज्या पडद्याची खोली एका स्थिर फोटोत पूर्ण उतरते, तिथे डोळ्यांची वाटणी झालेलीच नाही.

निवडणुकीतल्या सभा म्हणजे पेपर्स घोस्ट. जॉन हेन्री पेपरने १८६२ मध्ये लंडनमध्ये नाटकात भूत दाखवण्यासाठी तिरप्या काचेवरचं प्रतिबिंब वापरलं होतं. तिथे काच होती, इथे ताणलेला पारदर्शक पडदा आणि प्रोजेक्टर. माणूस मंचावर उभा वाटतो, पण चित्र सपाट असतं. पंख्याच्या पात्यांवर एलईडीच्या रांगा असतात. ती वेगाने फिरताना आपल्या नजरेत चित्र टिकून राहतं, तेही सपाटच. तिन्हींमध्ये प्रेक्षकाला आनंद मिळतो हे खरं, पण मी ज्याबद्दल लिहितोय ते हे नाही. आणि खरा होलोग्राम प्रकाशलहरींच्या व्यतिकरणावर चालतो, तो याहून वेगळा विषय.

---

घाटावरचा

समजलं. मग आता मूळ प्रश्न. २०११ च्या आसपास एवढे मोबाइल आले, टीव्ही आले, ते सगळे गेले कुठे? मी तसा फोन वापरला होता. फोटोतली माणसं पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभी केल्यासारखी दिसायची आणि मान जरा वळवली की डोळ्यांना झिणझिण्या.

---

प्रकाशवाट

दादा, याचं उत्तर हिशेबात आहे, आणि तो हिशेब मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दोनच चित्रं असली की तुम्ही जागेवरून थोडे सरकताच डाव्या डोळ्याला उजवं चित्र जातं आणि उजव्याला डावं. मग खोली उलटी होते. समोरच्याचं नाक आत गेलेलं आणि मागची भिंत पुढे आलेली. मेंदूला हे पटत नाही, झिणझिण्या त्याच्याच. मधल्या जागेत दोन्ही चित्रं मिसळतात आणि कडांना सावल्या दिसतात.

उपाय म्हणून चित्रांची संख्या वाढवली. दोनऐवजी नऊ कोनांतून घेतलेली नऊ चित्रं, पंख्यासारखी पसरलेली. कुठेही उभे राहा, शेजारशेजारची दोन चित्रं डोळ्यांना मिळतात आणि डोकं हलवलं की बाजूही बघता येते. पण पिक्सेल तेवढेच! तोशिबाने २०११ च्या डिसेंबरमध्ये ५५ इंची बिनचष्म्याचा टीव्ही काढला. पॅनेल ३८४० × २१६० चं, म्हणजे त्या काळी घरात कोणाकडे नव्हतं असं फोर-के. थ्रीडीत मात्र प्रत्येक दृश्य १२८० × ७२०. भागाकार करून बघा, बरोबर एक नवमांश. प्रेक्षकाने फोर-केचे पैसे मोजायचे आणि साध्या एचडीचं चित्र बघायचं.

त्यातही एक सुंदर करामत आहे. भिंगं सरळ उभी असती तर नऊचा सगळा भार आडव्या दिशेवर पडला असता आणि चित्र ४२७ × २१६० असं विचित्र झालं असतं. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत केस फान बेर्केल यांनी १९९० च्या दशकात भिंगं थोडी तिरपी बसवायचं तंत्र विकसित केलं. १/६ उतार, म्हणजे साधारण साडेनऊ अंश. त्यामुळे घट आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांत वाटली जाते, शिवाय पिक्सेलमधल्या काळ्या पट्ट्या भिंगातून मोठ्या होऊन दिसायच्या तेही थांबतं. काच एवढीशी तिरपी केली आणि पडदा बघण्याजोगा झाला. मला हे फार आवडतं.

तरीही भागाकार चुकत नाही. त्या काळच्या पडद्यांकडे वाटायला पुरेसे पिक्सेलच नव्हते, हे माझं ठाम मत आहे. लोकांना थ्रीडी नको होतं असं जे म्हटलं जातं ते मला मान्य नाही.

---

सातासमुद्रापार

मग सॅमसंग आणि सोनीवाल्यांनी काय बदललं? इथे एका दुकानात सोनीचा तो तिरपा ठेवलेला पडदा पाहिला. छोट्या गाडीची प्रतिकृती होती, मी वाकून तिच्या चाकाखालीसुद्धा बघितलं. नऊ दृश्यांच्या टीव्हीत असं वर-खाली बघता येत नाही ना?

---

प्रकाशवाट

नाही येत, कारण उभी भिंगं फक्त डाव्या-उजव्या दिशेची वाटणी करतात. तुम्ही पाहिलात त्यात वरच्या कॅमेऱ्याने तुमचे डोळे शोधले. बाहुली कुठे आहे हे क्षणोक्षणी कळत असेल तर नऊ किंवा पंचेचाळीस दिशांना चित्रं फेकण्याची गरज राहत नाही. दोनच चित्रं पुरतात, तुमच्या आत्ताच्या जागेवरून दिसावीत अशी नव्याने काढलेली आणि नेमक्या त्या दोन बिंदूंकडे वळवलेली. वाकलात की संगणक गाडीची खालची बाजू काढून देतो. सोनीचा पहिला १५.६ इंची पडदा २०२० चा, त्याचंही पॅनेल फोर-के आहे. निन्टेन्डोनेही २०१४ च्या नव्या थ्रीडीएसमध्ये कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवा वापरून चेहरा हलेल तशा फटी सरकवल्या होत्या, आणि जुन्या यंत्राशी तुलना केली तर फरक लगेच जाणवायचा. गूगलने २०२१ मध्ये दाखवलेला स्टारलाइन हा समोरासमोर बोलण्याचा पडदाही याच वाटेवरचा, ६५ इंची आणि एट-के.

याचा तोटा तुमच्या लक्षात आलाच असेल. असा पडदा एका वेळी एकाच माणसाचा असतो.

---

रानजाई

मला हेच खटकतं. एखादं शिल्प बघायला शाळेची चाळीस मुलं आली तर? अजिंठ्याची लेणी किंवा वेरूळचं कैलास लेणं त्रिमितीत मोजून अशा पडद्यावर ठेवलं तर सगळ्यांना एकदम दिसायला हवं. एकेकाने रांग लावून बघायचं असेल तर त्यापेक्षा पुस्तकातला मोठा फोटो बरा.

---

प्रकाशवाट

ताई, तुमच्या कामासाठी अनेक दृश्यांचाच पडदा हवा. ब्रुकलिनच्या लुकिंग ग्लास फॅक्टरीने २०१८ मध्ये ४५ दृश्यांचा पडदा आणला, त्याभोवती चार-पाच जण उभे राहू शकतात आणि डोळे शोधणारा कॅमेरा लागत नाही. चित्र किंचित मऊ दिसतं, पण मूर्तीसाठी ते चालतं, बारीक अक्षरं वाचायची नसतात.

तिसरी एक दिशाही आहे. पडद्यापुढे काही न लावता मागच्या दिव्यालाच दिशा द्यायची. डाव्हिड फातालच्या गटाने एचपीच्या प्रयोगशाळेत असा दिवा बनवला आणि २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. काचेच्या पत्र्यावर अतिसूक्ष्म जाळ्या कोरलेल्या असतात, प्रत्येक जाळी प्रकाश ठरावीक दिशेला वळवते. त्यातूनच लीया ही कंपनी निघाली आणि २०१८ च्या रेड हायड्रोजन वन फोनमध्ये तो पडदा आला. फोन बाजारात चालला नाही. पण गरज नसेल तेव्हा साधा दिवा लावून पूर्ण पिक्सेलचं सपाट चित्र मिळतं, ही गोष्ट मोलाची आहे.

---

डोळस

मी डोळे तपासण्याच्या क्षेत्रात आहे, त्या बाजूने थोडी भर. घाटावरचा यांच्या झिणझिण्यांना उलट्या खोलीखेरीज आणखी एक कारण असतं. खऱ्या जगात जवळची वस्तू बघताना दोन गोष्टी जोडीने होतात. डोळे आत वळतात आणि भिंग त्या अंतरावर फोकस करतं. थ्रीडी पडद्यावर वस्तू पडद्याच्या पुढे आलेली दिसली की डोळे तिच्या अंतरावर वळतात, पण प्रकाश पडद्यावरूनच येत असल्याने फोकस पडद्यावरच ठेवावा लागतो. ही ताटातूट फार वेळ चालली की डोकं जड होतं. चष्म्याच्या थ्रीडीतही हेच होतं, बिनचष्म्याचं झालं म्हणून ते जात नाही. त्यामुळे खोली कमी-जास्त करायची सरकपट्टी असेल तर ती कमीवर ठेवा आणि मधूनमधून लांब बघा. निन्टेन्डोने सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना थ्रीडी दाखवू नका असं स्वतःच सांगितलं होतं.

आणखी एक. लहानपणी तिरळेपणावर किंवा आळशी डोळ्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काहींना दोन डोळ्यांच्या फरकावरून खोली कळत नाही. "मला यात काहीच थ्रीडी दिसत नाही" असं कोणी म्हणालं तर हसू नका, डोळे तपासून घ्यायला सांगा. पण अनेक दृश्यांच्या किंवा डोळ्यांचा माग ठेवणाऱ्या पडद्यासमोर अशा माणसानेही डोकं हलवलं तर पुढचं-मागचं वेगळ्या वेगाने सरकताना दिसतं आणि खोली कळते. एक डोळा झाकून करून बघा.

---

प्रकाशवाट

डोळस, फार मोलाची भर. फोकसच्या अडचणीवर मार्ग आहे, पण तो पुन्हा त्याच भागाकाराशी येऊन थांबतो. दृश्यं इतकी दाट करायची की एकाच बाहुलीत किमान दोन शिरतील. मग भिंगालाही वस्तूच्या अंतराची खूण मिळते. बाहुली तीन-चार मिलिमीटरची, म्हणजे दृश्यं साधारण दोन मिलिमीटरवर हवीत. बसण्याच्या जागी एक मीटर रुंदीत डोकं हलवायची मुभा द्यायची तर ५०० दृश्यं. एट-के पॅनेलचे तीन कोटी ३२ लाख पिक्सेल ५०० मध्ये वाटले की प्रत्येकाला सुमारे ६६ हजार, म्हणजे जेमतेम ३४० × १९० चं चित्र. आणि हे फक्त आडव्या दिशेचं. गाब्रिएल लिपमनने १९०८ मध्ये माशीच्या डोळ्यासारख्या छोट्या गोल भिंगांनी दोन्ही दिशांची वाटणी सुचवली होती, त्याच वर्षी त्याला रंगीत छायाचित्रणासाठी नोबेल मिळालं. त्याच्या मार्गाने गेलं तर पिक्सेल आणखी कितीतरी पट लागतात.

---

वहीतला_कोपरा

दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साध्या मॉनिटरवर बॅरियर करून बघता येईल का? २४ इंची फुल एचडी आहे. पारदर्शक शीटवर रेघा छापून मिळतात जवळच.

---

प्रकाशवाट

नक्की येईल, कर. त्या मॉनिटरचा पिक्सेल साधारण ०.२७७ मिमी. ६० सेंटिमीटरवर बसणार असशील तर समरूप त्रिकोणांवरून फटीचं पिक्सेलपासूनचं अंतर = पिक्सेल × ६०० ÷ ६३, म्हणजे हवेत २.६ मिमी. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, तेव्हा अ‍ॅक्रिलिकमध्ये ते ३.९ मिमी होतं. मॉनिटरच्या स्वतःच्या काचेची आणि पोलरायझरची जाडी मिलिमीटरभर सोडली तर ३ मिमीचा अ‍ॅक्रिलिक पत्रा चालेल. त्याच्या पुढच्या बाजूला शीट.

एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंतचं अंतर बरोबर दोन पिक्सेल ठेवू नकोस. डोळा एका बिंदूवर आहे, त्यामुळे फटी पिक्सेलच्या जोड्यांपेक्षा किंचित जवळजवळ हव्यात, सुमारे ०.४४ टक्के कमी. हे सोडलंस तर मधून कडेपर्यंत एक मिलिमीटरहून जास्त चूक साठते, चार पिक्सेलची. पडद्यावर उभे पट्टे दिसतील, एकात खोली बरोबर आणि शेजारच्यात उलटी. प्रत्येक रेघेची जागा मधल्या रेघेपासून वेगळी मोजून मग छपाईच्या ठिपक्याला जुळव, मागच्या रेघेत भर घालत जाऊ नकोस. किमान १२०० डीपीआयची (इंचाला १२०० ठिपके) छपाई माग. फट एका पिक्सेलपेक्षा फार अरुंद ठेवू नकोस, नाहीतर डोकं हलवताना लाल-निळ्या कडा दिसतील, कारण प्रत्येक पिक्सेलच्या आत रंगांच्या तीन उभ्या पट्ट्या असतात.

---

वहीतला_कोपरा

खूप आभार. आणि चित्र कसं विणायचं? डावा-उजवा उलटा आला तर?

---

प्रकाशवाट

मोबाइलने एक फोटो काढ, सहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा काढ, कॅमेरा वळवू नकोस. पहिल्यातल्या विषम उभ्या रांगा आणि दुसऱ्यातल्या सम रांगा घेऊन एक चित्र कर आणि ते मोठं-छोटं न करता पूर्ण पडद्यावर, मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनलाच दाखव. डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेव. फाइल जेपीईजी नको, पीएनजी कर, कारण जेपीईजी शेजारच्या रांगांचे रंग एकमेकांत मिसळतं. आधी चाचणीसाठी विषम रांगा पूर्ण लाल आणि सम रांगा पूर्ण निळ्या करून एकेक डोळा मिटून बघ, एका डोळ्याला अख्खा पडदा लाल आणि दुसऱ्याला निळा दिसेपर्यंत शीट सरकवत आणि किंचित फिरवत राहा. डावा-उजवा उलटा आला तर शीट एक पिक्सेल बाजूला सरकव. झालं की इथे मोजमापं टाक, दुसऱ्या आकाराचे मॉनिटर असणाऱ्यांना उपयोगी पडतील.